केकमधली पांढरी पावडर

माझ्या धाकट्या भावानं साकोलीत हायवेला लागून बेकरी टाकली, तेव्हा त्याला पाव जमायचा, टोस्ट जमायचे, नानकटाई तर फारच छान जमायची. जमत नव्हता तो बिनअंड्याचा केक, आणि लोक मागायचे नेमका तोच. आमच्याकडे एरवी मच्छी-कोंबडी आवडीनं खाणारी घरंही वाढदिवसाला अंड्याचा केक नेत नाहीत. शेजारपाजारचे सगळे येणार, त्यात कोणाचा सोमवार असतो, कोणी पंथाचा उपदेश घेऊन मांस-अंडं सोडलेलं असतं. आलेल्या माणसानं हात आखडता घ्यायला नको म्हणून बिनअंड्याचाच बरा.

भाऊ रोज करून बघायचा. भट्टीतून काढला की केक फुगलेला दिसायचा आणि आमच्या डोळ्यांदेखत मधोमध बसायचा. चव वाईट नव्हती, पण तुकडा दाताला चिकटायचा, जड लागायचा. असे केक वहिनी दुपारी चहासोबत संपवायची आणि काही बोलायची नाही. ती बोलत नाही याचाच भावाला जास्त त्रास व्हायचा.

मी त्याच गावात ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. लग्न केलं नाही; भाऊ-वहिनीसोबतच राहते. एका रविवारी तो तसाच बसका केक माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "ताई, तू येवढी केमिस्ट्री शिकवते, मले एक केक फुगवून देता येत नाई का तुले?"

तो थट्टेनं बोलला होता, पण मला ते लागलं. इतकी वर्षं मी फळ्यावर एस्टर लिहीत आले, आम्ल अधिक अल्कोहोल, बाण, पाणी बाहेर. त्यातल्या एकाही एस्टरनं आमच्या घरात कधी काही काम केलेलं मी पाहिलं नव्हतं.

अंड्याच्या बलकात तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा एक पदार्थ असतो. तेच काम करणारा दुसरा पदार्थ मला माहीत होता. ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट त्याचं नाव, तोही एक एस्टरच. बेकरीवाले जीएमएस म्हणतात. मी एका जुन्या बिलाच्या मागच्या बाजूला भावाला चित्र काढून दाखवलं.

"ग्लिसरॉल म्हणजे आपण भेगाळलेल्या टाचांना लावतो ते ग्लिसरीन. त्याला तीन हात असतात असं समज. तिन्ही हातांनी चरबीची आम्लं धरली की झालं तेल, नाही तर तूप, नाही तर डालडा. त्याचं पाण्याशी जमत नाही. पण एकाच हातानं धरलं आणि दोन हात मोकळे राहिले, तर ते दोन हात पाण्याला धरतात आणि धरलेली लांब शेपटी तेलात शिरते."

"म्हणजे सोयरीक जुळवणारा," भाऊ म्हणाला.

"हो. आणि फेटताना आत गेलेली हवा पण तोच धरून ठेवतो."

भाऊ नागपूरला बेकरीच्या सामानाच्या एका ठोक दुकानातून पावडर घेऊन आला. साबुदाण्याहून बारीक, पांढरे, मेणचट दाणे. थंड पाण्यात टाकले तर नुसते वर तरंगत राहिले. मग आम्ही पाणी चांगलं गरम केलं. साठ अंशांच्या आसपास दाणे विरघळल्यासारखे दिसेनासे झाले, आणि ढवळत ढवळत थंड केल्यावर पातेल्यात पांढरी, चमकदार, गुळगुळीत जेल तयार झाली. त्यातली थोडीशी घालून पिठाचं मिश्रण फेटलं तर ते फिकट होत होत जवळजवळ दुपटीनं वर आलं. भट्टीचं दार उघडलं तेव्हा आम्ही तिघं समोर उभे होतो. केक बसला नाही. भावानं बोटानं दाबला, तो दबला आणि पुन्हा वर आला. वहिनी एवढंच म्हणाली, "आता खरा केक दिसून राहिला."

सहा महिन्यांत आमचा बिनअंड्याचा केक लाखनीपर्यंत जायला लागला. मी मनातून फार खूश होते. कॉलेजात एस्टरचा धडा आला की मी बेकरीतली जेल बाटलीत घालून वर्गात न्यायची.

मला विज्ञान शिकवलं ते सर आंधळगावला राहतात. आमचं मूळ गाव तिथून जवळच. आठवी ते दहावी मी त्यांच्या हाताखाली शिकले. मी केमिस्ट्री घेतली ती त्यांच्यामुळे. वर्गात कोणी काही ठासून सांगितलं की ते विचारायचे, "हे तू पाह्यलं का आयकलं?" आयकलं म्हटलं की, "मग तसं सांग, आयकलं म्हणून." पत्नी वारल्यावर सरांनी पंथाचा उपदेश घेतला. तोवर तलावाच्या मच्छीशिवाय त्यांचं रविवारचं जेवण व्हायचं नाही. उपदेश घेतला त्या दिवसापासून मांस, मच्छी, अंडं, सगळं बंद. बाहेर पाणी पितानाही ते भांडं बघून घेतात.

त्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही जुने विद्यार्थी जमलो. केक मी नेला. भावानं मन लावून केला होता. सरांनी सुरी हातात घेतली आणि कापायच्या आधी माझ्याकडे पाहून विचारलं, "बेटा, यात तसं काही नाई ना?"

"शंभर टक्के शाकाहारी आहे सर," मी म्हणाले. "भावाच्या बेकरीचा आहे. रेसिपी माझीच आहे."

सर हसले आणि सगळ्यांना म्हणाले, "मंग काय, केमिस्ट्रीवालीनं सांगतलं." त्यांनी एक तुकडा खाल्ला, मग आणखी एक मागून घेतला.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी मी बारावीच्या वर्गात मेदाम्लं शिकवत होते. फळ्यावर स्टिअरिक आम्ल लिहिलं, अठरा कार्बनची साखळी काढली आणि नेहमीच्या सवयीनं मुलांना वाक्य सांगायला लागले. "हे आम्ल प्राणिज व वनस्पतिज चरबीपासून मिळवतात." मुलं लिहीत होती. हे वाक्य मी किती वर्षं सांगत होते. त्या दिवशी सांगून झाल्यावर माझा खडू तसाच हातात राहिला. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पुढे?" पुढचं मला आठवेना. मी त्यांना पुस्तकातली आकृती काढायला सांगितली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

प्राणिज. म्हणजे गुरांची चरबी. जीएमएसमधली शेपटी म्हणजे स्टिअरिक आम्लच. आणि आमच्या पावडरमधली शेपटी कुठून आली होती, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

तास संपल्यावर मी घरी न जाता सरळ बेकरीत गेले. भाऊ पावाचे ट्रे लावत होता. मी मागच्या खोलीत जाऊन पावडरचं पाकीट काढलं. साधी पारदर्शक थैली. वर लहानसं लेबल चिकटवलेलं, त्यावर इंग्रजीत तीन अक्षरं आणि वजन. हिरवा ठिपका नाही, लाल नाही, कंपनीचं नाव नाही.

"काय शोधून राहिली?" भावानं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं आधी नीट ऐकलं आणि मग हात झटकले. "ताई, सारे बेकरीवाले हेच वापरतात. नागपूर वापरते, रायपूर वापरते. तू कायले खाजवून जखम काढून राहिली?"

"मी सरांना शंभर टक्के सांगितलं."

"मंग असंनच शंभर टक्के. कोणी नाई म्हटलं का?"

कोणी नाही म्हटलं नव्हतं, आणि कोणी हो सुद्धा म्हटलं नव्हतं. मी त्याच्यासमोरच दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "व्हेजच आहे मॅडम, टेन्शन नका घेऊ." मी म्हटलं, कागद पाठवता का? तो हो म्हणाला. कागद आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, तिसऱ्या दिवशी केला. मग तो फोन उचलेनासा झाला.

त्या दिवसांत माझं कशात लक्ष लागत नव्हतं. मी पेपर तपासायला बसायची आणि दोन पेपर झाले की उठायची. वहिनीनं भाजी चिरायला दिली तर अर्धी चिरून दुसऱ्या खोलीत जायची. किराणा दुकानात गेले की ब्रेडचं, बिस्किटाचं, आइस्क्रीमचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचत उभी राहायची. जिथं तिथं तो जीएमएस भेटत होता. ब्रेड मऊ राहावा म्हणून होता, आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ नयेत म्हणून होता. कुठं नाव लिहिलेलं, कुठं नुसता त्याचा ठरलेला आकडा, चारशे एकाहत्तर. घरी येऊन कपाटातल्या कोल्ड क्रीमची डबी पाहिली, त्यातही होता. पुस्तकात वाचलं की प्लास्टिकच्या थैल्या बनवतानाही तो घालतात, म्हणजे थैलीवर वीज साचत नाही, धूळ चिकटत नाही. इतका सगळीकडे असलेला पदार्थ मी आजवर परीक्षेत दोन मार्कांना विचारत होते. किराणा दुकानदार एकदा म्हणाला, "मॅडम, काही खराब निघालं का?" मी नाही म्हटलं आणि काही न घेताच बाहेर पडले.

पाकिटबंद मालावर निदान हिरवा ठिपका तरी होता. कोणीतरी त्याची जबाबदारी घेतलेली होती. आमच्या थैलीची कोणीच घेतली नव्हती.

शेवटी मी थोडी पावडर कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली. मुलं गेल्यावर परीक्षानळीत घेऊन वितळवून पाहिली, तापमान घेतलं. तेल आणि पाण्यात हलवून पाहिली. पांढरंशुभ्र दूध झालं आणि पाऊण तास तसंच राहिलं. अगदी पुस्तकासारखी वागली. त्यातून मला हवं ते काहीच कळणार नव्हतं, हे मला नळी हातात घ्यायच्या आधीपासून माहीत होतं. पाम तेलातून आलेलं स्टिअरिक आम्ल आणि गुराच्या चरबीतून आलेलं स्टिअरिक आम्ल, दोन्हींत एका अणूचाही फरक नसतो. एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत सोबत राहिलेल्या दुसऱ्या द्रव्यांच्या बारीकशा अंशावरून कदाचित ओळखता आलं असतं. माझ्याकडे स्पिरिटचा दिवा आणि थर्मामीटर होता.

एकदा मनात आलं की फरकच नाही, तर मग अडलं कुठे? केमिस्ट्रीच्या दृष्टीनं सरांनी जे खाल्लं ते तेच होतं. हा विचार मी दोन दिवस धरून ठेवला. पण सरांनी मला रेणूची रचना विचारली नव्हती. 'तसं काही नाही ना' एवढंच विचारलं होतं, आणि त्यांना काय म्हणायचं आहे ते मला पूर्ण कळलं होतं.

पुढच्या सोमवारी मी रजा टाकली आणि नागपूरला गेले. भाऊ येणार नाही म्हणाला होता, पण सकाळी तोही बसस्टँडवर येऊन उभा राहिला.  बसमध्ये मौदा मागे पडल्यावर तो म्हणाला, "खराब निघालं तं काय करशीन?"

"माहीत नाही."

"तुले माहीत नाई असं पह्यल्यांदा आयकून राहिलो मी."

दुकान लांबट आणि काळोखं होतं. दुकानदारानं आम्हाला पाहून तोंड जरा वाकडं केलं, पण चहा मागवला. मी म्हटलं, चहा नको, आमच्या थैल्या ज्या पोत्यातून भरल्या ते पोतं दाखवा.

"ते तं कधीचं संपलं मॅडम."

"मग आता ज्यातून भरता ते दाखवा."

तो आम्हाला मागच्या गोदामात घेऊन गेला. तिथं दोन पोती तोंड उघडी करून शेजारी शेजारी ठेवलेली होती. एकावर कंपनीचं नाव, खाण्याच्या वस्तूंसाठी म्हणून छापलेलं, हिरवा ठिपका, वनस्पती तेलापासून बनवल्याचंही स्पष्ट लिहिलेलं. दुसऱ्यावर नुसतं रसायनाचं नाव आणि खाली एक ओळ, औद्योगिक वापरासाठी. दोन्हींसाठी एकच लोखंडी माप ठेवलं होतं. माप या पोत्यातून काढून त्या पोत्यात घातलं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

"हे दुसरं कोणाले देता?" भावानं विचारलं.

"प्लास्टिकवाले नेतात. क्रीम बनवनारे नेतात."

"अन् आमाले कोनतं देलं?"

दुकानदार म्हणाला, "दोन्ही सेमच आहे भाऊ. माल एकच. फक्त लेबलचा फरक."

मी काही बोलायच्या आत भाऊ बोलला. त्याचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "लेबलचा फरक? लेकराइच्या वाढदिवसाले केक जातो माह्या दुकानातून! तुमी मले थैली भरून देता तवा तुमाले माहीत नसते कोनत्या पोत्यातून भरली?"

दुकानदारानं हात जोडले, नोकराला बोलावलं, नोकराला आठवत नव्हतं. कोणालाच आठवत नव्हतं. आम्ही बाहेर आलो. भाऊ रस्त्याच्या कडेला उभा राहून रुमालानं पुन्हा पुन्हा मान पुसत होता. मग म्हणाला, "घरी आहे ते सारं फेकून देतो." त्याच दिवशी दुसऱ्या एका दुकानातून आम्ही कंपनीचं न उघडलेलं पोतं घेतलं. एवढी पावडर आम्हाला लागत नव्हती. पुढे लाखनी आणि साकोलीच्या दोन बेकरीवाल्यांनी त्यातली वाटून घेतली. भावानं पोत्यावरचा छापील भाग कापून काउंटरच्या मागे भिंतीवर चिकटवला आणि त्याच्याखाली आमच्या केकमध्ये काय काय घालतो ते मराठीत लिहून लावलं. पहिले काही दिवस लोक 'ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट' वाचून थबकायचे. एका बाईंनी सांगून ठेवलेला केक नेला नाही. भावानं कागद काढला नाही.

राहिले सर.

पहिल्यांदा गेले ती भंडाऱ्यापर्यंतच. साकोलीहून येताना कारधा आलं, बस पुलावर चढली, खाली वैनगंगा दिसली, आणि मी मनात वाक्यं जुळवायला लागले. काय सांगणार होते मी? तुम्ही चरबी खाल्ली असं सांगता येत नव्हतं, कारण ते मला माहीत नव्हतं. नाही खाल्ली असंही सांगता येत नव्हतं. न सांगितलं तर त्यांना काहीच फरक पडणार नव्हता. उलट सांगूनच मी त्यांच्या डोक्याला घोर लावणार होते. भंडाऱ्याला उतरून मी बसस्टँडवर अर्धा तास येरझारा घातल्या, आंधळगावकडे जाणारी मोहाडीची बस समोर लागलेली पाहिली आणि परतीच्या गाडीत बसले. वहिनीनं विचारलं, झालं का काम? मी म्हटलं, सर घरी नव्हते. हे आणखी एक खोटं.

त्या खोट्यानंच मला पुढच्या शनिवारी पुन्हा बाहेर काढलं.

दार त्यांच्या सुनेनं उघडलं. सर ओसरीवर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. मला पाहून खरंच खूश झाले. "ये, ये. एकटीच? केक नाई आनला?" आणि स्वतःच हसले.

सून पाणी ठेवून आत गेली. मी पाणी प्यायले नाही. म्हटलं, "सर, मले तुम्हाले एक सांगायचं आहे. त्या केकबद्दलच आहे."

मी सगळं सांगितलं. पावडर, थैली, फळ्यावरचं वाक्य, दोन पोती, एकच माप.  त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मग ती घडी आणखी लहान केली. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे होती का नाई, हे तुले आताही माहीत नाई."

"नाही सर."

"अन् त्या दिवशी माहीत होतं का?"

"नाही."

"तपासलं होतं?"

"नाही सर."

"मंग शंभर कोठून आनले?"

मी मान खाली घातली. चाळीस ओलांडलेली बाई मी, पण त्या क्षणी दहावीच्या वर्गात उभी होते. रडू येत होतं आणि रडणं त्यांच्यावर आणखी एक ओझं होईल म्हणून मी ते गिळत होते.

ते म्हणाले, "मले खाल्ल्याचं येवढं नाई वाटून राहिलं. न समजता झालं ते झालं, त्याचं काय करायचं ते मी माह्या परीनं करीन. पन मी पुन्हा मागून घेतला तो तुकडा. कायच्या भरवशावर? तुह्या. हे लागलं." मग आवाज खाली करून, "घरात सांगू नको. सून पथ्य लय जपते माह्यं. तिले वाईट वाटन."

चहा आला. आम्ही दोघांनी तो घेतला. निघताना मी पाया पडले तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण नेहमीसारखं 'पुन्हा ये' म्हटलं नाही. फाटकापर्यंत आले नाहीत.

दोन महिने मी त्यांना फोन केला नाही, त्यांनीही केला नाही. सांगून टाकलं की मन हलकं होतं असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट वर्गात बोलताना मी अडखळायला लागले. मुलांनी काही विचारलं आणि मला पक्कं ठाऊक नसलं की मी म्हणायची, हे मला बघून सांगावं लागेल. पहिल्यांदा मुलं एकमेकांकडे बघून हसली. नंतर त्यांना सवय झाली. मला मात्र अजून झाली नाही. भाऊ म्हणायचा, "झालं न आता, कवापर्यंत धरून बसशीन?" तो बरोबरच सांगत होता, पण मी बसल्या जागी पाय हलवत राहायची.

मग एका सकाळी मी कॉलेजला निघायच्या घाईत असताना सरांचा फोन आला. प्रस्तावना काही नाही.

"बेटा, एक विचारतो. डॉक्टरनं पित्तासाठी कॅप्सूल देली आहे. चार वर्सं झाले, रोज सकाळी घेतो. ते वरचं पारदर्शक कवच असते न, ते कायचं बनवतात?"

मला ते माहीत होतं.  बहुतेक कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून काढतात. चार वर्षं, रोज सकाळी, पोथी वाचायच्या आधी. सरांना हे विचारायला जगात दुसरं कोणीच नव्हतं का, असं मला वाटलं.

"सर, तुमच्या कॅप्सूलचं मले माहीत नाही," मी म्हटलं. "पाकीट पाहावं लागेल. पण बहुतेक कवचं जिलेटिनची असतात, आणि ते प्राण्यांपासून बनवतात. वनस्पतीपासूनचीही मिळतात, पण कमी."

 पलीकडून कॅप्सूलच्या पट्टीचा चुरचुर आवाज आला; ते पाकीट उलटंसुलटं करत असावेत.

"बारीक लिवलं आहे. दिसत नाई."

"सुनेला फोटो पाठवायला सांगा."

"तिले नको. मीच पाठवतो. शिकलो आहे आता."

फोटो तिरका आला, अर्ध्यात त्यांचा अंगठा. पण अक्षरं वाचता येत होती. जिलेटिनच होतं. मी फोन करून सांगितलं.

"बरं," सर म्हणाले. "मंग याच औषधाची गोळी मिळते का? कवच नसलेली?"

"मिळत असेल. डॉक्टरांना विचारावं लागेल. पण सर…" इथं मी थांबले. न सांगता राहता आलं असतं. कॉलेजची घंटा होत आली होती. "गोळी साच्याला चिकटू नये म्हणून तिच्यातही स्टिअरेट घालतात. मॅग्नेशिअमचं. तेही दोन्हीकडून येऊ शकतं."

 मग सर हसायला लागले. मोठ्यानं नाही, पण बराच वेळ. "बापा! म्हणजे मानसानं पळावं तं पळावं कोनीकडं?"

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "औषध बंद करू नका सर. एक दिवस पण नका करू. आधी डॉक्टरांना विचारा."

"बंद नाई करत. येवढी अक्कल आहे मले. औषधाचं मी पंथातल्या जानत्या मानसाले विचारीन, अन् गोळीचं डॉक्टरले. तू येवढंच कर, दोन-तीन कंपन्याले चिठ्ठी लिव. कायपासून बनवता म्हणून सरळ विचार. माह्यं इंग्रजी आता साथ देत नाई."

"लिहिते सर."

"आज लिव. अन् रविवारी ये, येताना ते चिठ्ठ्या दाखवाले आन. जेवाले ये. वांग्याची भाजी करतीन घरी."

फोन ठेवून मी कॉलेजला धावत गेले. पहिला तास बुडाला. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून मी पहिलं पत्र लिहायला घेतलं. तीन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. तीन कंपन्यांना पत्रं गेली; अजून दोन कंपन्यांची उत्तरं यायची आहेत. तिसरीनं उत्तर दिलं की त्यांचं स्टिअरेट वनस्पतिज आहे, आणि सोबत सही-शिक्क्याचा कागदही पाठवला. डॉक्टरांनी त्याच कंपनीची गोळी लिहून दिली. सर आता ती घेतात. मला आठवड्यातून एकदा तरी त्यांचा फोन येतो. परवा त्यांनी टूथपेस्टचं विचारलं.